नावाचा काठ

आमच्या गल्लीतून इटलीला जाऊन आलेला माणूस एकच, आणि तो परत आल्याची शिक्षा आम्ही सगळ्यांनी भोगली.

संगप्पा मालकांचा टॉवेलचा कारखाना गल्लीच्या टोकाला आणि घर माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानासमोर. अंगानं भरदार, पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. शहात्तरच्या उन्हाळ्यात ते बायकोला घेऊन इटलीच्या समुद्रकाठी फिरून आले. तेव्हापासून संध्याकाळी कट्ट्यावर बसले की त्यांच्या तोंडात दुसरा विषय नसे. मी रेडिओचा आवाज वाढवून बघितला. उपयोग झाला नाही.

"सिद्धाराम, त्या डब्यात समुद्र लागलाय का रं?"

"नाही मालक, खरखर आहे. व्हॉल्व्ह गेलाय."

"समुद्र आसाच वाजतोय बग. आलास्सिओला रातभर हीच खरखर."

यावर आतून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, गौरम्मा अक्कांचा आवाज यायचा. "रातभर तुमीच घोरत हुता. समुद्र गप हुता." मालकांची इटली अशी दोघांकडून मिळून ऐकावी लागे. बाहेरून ते वाढवायचे, आतून त्या कमी करायच्या, आणि उरेल ते साधारण खरं असायचं. मी सांगतोय ते हे उरलेलं.

सुरुवात झाली ती बाल्दिनी नावाच्या व्यापाऱ्यापासून. मुंबईच्या एका प्रदर्शनात त्यानं मालकांचा टॉवेल उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि त्याच्या काठावर बोट ठेवलं. "ब्युटिफुल," म्हणाला. त्या काठावर अक्षरं विणलेली होती, "श्री सिद्धेश्वर प्रसन्न." मालकांच्या वडिलांच्या काळापासून त्यांच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगाच्या एका काठाला ग्रामदैवताचं हे नाव असे. दुसरा काठ कोरा. आणि सोलापुरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. चादर अंथरली की नावाचा काठ उशाला, कोरा पायथ्याला. टॉवेल घेतला की नावाच्या बाजूनं तोंड पुसायचं, कोऱ्या बाजूनं पाय. रांगतं पोरही दोन-तीन चापट्या खाऊन हे शिकतं.

बाल्दिनीला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला ती नक्षी वाटली. त्यानं मागणी नोंदवली आणि मापं दिली, तेव्हा कारखान्यात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. टॉवेल एवढा मोठा की दोन माणसं आरामात निजतील. मागांची देखभाल करणाऱ्या गैबीसाबनं कागद हातात धरून विचारलं, "मालक, ये टावेल है की सतरंजी?"

"तिकडली मानसं दांडगी असतील," मालक म्हणाले. "आपल्याला काय करायचंय? आंग त्यांचं, टावेल आपला."

दोन उन्हाळे गल्लीत सगळ्यांची हीच समजूत होती, की इटलीत राक्षसासारखी माणसं असतात आणि ती रोज आंघोळ करतात. त्यांच्याबद्दल आम्हाला आदर वाटायला लागला होता. इथं नळाला एक दिवसाआड पाणी.

मागणी वाढत गेली आणि तिसऱ्या वर्षी बाल्दिनीचं बोलावणं आलं. या, हंगामात या, समुद्रकाठची आमची जुनी गावं बघा, पुढच्या मालाचं समोरासमोर ठरवू. मालकांची अडचण खाण्याची. लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाणी पीत नाहीत आणि बायकोच्या हातचं नसेल तर घास गिळत नाहीत. म्हणून गौरम्मा अक्कांचंही जायचं ठरलं. अक्कांनी डबे भरून कडक भाकऱ्या घेतल्या आणि शेंगाचटणी घेतली. मुंबईच्या विमानतळावर कुणीतरी ती भाकरी हातात घेऊन वाजवून बघितली म्हणे, की हे यंत्राचं काही आहे का. मालकांनी तिथल्या तिथं एक मोडून खाऊन दाखवली.

अक्कांची स्वतःची हौस एकच होती. त्यांनी समुद्र बघितलेला नव्हता. माहेर अक्कलकोटकडचं, सासर सोलापूर. सगळ्यात मोठं पाणी बघितलं ते कुडलसंगमच्या यात्रेत, दोन नद्यांच्या संगमावर. "एकदा पाय भिजवून येते," एवढंच त्या निघताना शेजारणींना म्हणाल्या होत्या.

पहिला मुक्काम आलास्सिओला. गाव समुद्राला चिकटून. कधीकाळी विलायतेतली थंडी सोसवेना म्हणून साहेबलोक हवापालटाला तिथं येऊन राहायचे, त्यांचे बंगले अजून उभे होते. पोचल्यावर अक्का खोलीत पूजेची तयारी करत होत्या, तेव्हा बाल्दिनी मालकांना खाली रस्त्यावर घेऊन आला आणि नुसता हात लांब केला. समोर वाळू, वाळूवर छत्र्यांच्या शिस्तीत लावलेल्या रांगा, आणि रांगांतून निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे टॉवेलच टॉवेल. मालकांचे. सोलापूरच्या मागावर विणलेले, गैबीसाबनं दोरे ओढून तपासलेले. मालकांची छाती कोटात मावेना. "कसं सांगू सिद्धाराम," ते म्हणायचे, "पोरगं परगावी कलेक्टर झाल्याचं बगून बापाला वाटंल तसं झालं." त्यांनी जोडे काढून हातात घेतले आणि आपला माल जवळून बघायला वाळूत उतरले.

पहिल्याच टॉवेलवर एक लठ्ठ गृहस्थ पालथा झोपला होता. टॉवेल अंगाला नव्हता, अंगाखाली होता. तिकडं टॉवेल अंग पुसायला नसून निजायला असतो हे मालकांना तेव्हा कळलं. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण त्या गृहस्थाच्या वाळूनं माखलेल्या दोन्ही टाचा ऐन "श्री सिद्धेश्वर" वर होत्या. शेजारी एक बाई "प्रसन्न" वर चपला ठेवून पेपर वाचत होती. त्यापुढं एक पोरगं ओल्या पायानं नाव तुडवत नाचत होतं. रांगेत निम्म्यांची डोकी नावाकडे, निम्म्यांचे पाय. ज्याला जसं सुचेल तसं.

पायाखालची वाळू सरकली असं आपण उगाच म्हणतो. मालकांच्या पायाखाली खरोखरची वाळू होती आणि ती खरोखर सरकली. ते मटकन खाली बसले. बाल्दिनीला वाटलं, आनंद झाला.

आता यात कुणाची चूक म्हणायची? त्या माणसांना ती रांगोळी वाटत होती. देवाचं नाव विणून दिलं मालकांनी, पाठवलं मालकांनी, आणि कुठला काठ उशाला घ्यायचा हे सांगावं लागेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. कोण सांगतो? भाकरी तोंडानं खायची असते असं आपण कुणाला सांगतो का? पण सिद्धेश्वराच्या नावावर दोन वर्षं साऱ्या इटलीचे पाय पडत होते, आणि त्या मालावर मालकांच्या कारखान्याचे माग रात्रंदिवस चालत होते. काठ काढतो म्हणावं तर बाल्दिनीनं माल घेतला तो त्या काठासाठी. मागणी गेली तर गैबीसाबसकट मागावरची सगळी घरं बसणार. आणि तसंच चालू ठेवावं तर रोज सकाळी कुठल्या तोंडानं पूजेला बसायचं?

मालकांनी मग शहाण्या माणसानं करावं ते केलं. गप्प बसले. विशेषतः बायकोसमोर.

अक्का पूजेची तयारी करून, इरकली लुगडं नेसून समुद्राला जायला निघाल्या, तर मालक दारात आडवे. "तिकडं बायामानसांनी जायचं न्हाय. लोक निम्मे उगडे असत्यात."

"मग? कुडलसंगमला न्हानारे काय कोट घालून न्हात्यात?"

"तितलं येगळं, हितलं येगळं."

गौरम्मा अक्कांनी आलास्सिओ असं पाहिलं की समुद्र सदैव पाठीमागे राहील. मालकांनी त्यांना चर्च दाखवलं, भाजीबाजार दाखवला, रेल्वे स्टेशन तर दोनदा दाखवलं. समुद्र मध्येच एखाद्या बोळाच्या टोकाला चमकायचा आणि मालक लगेच म्हणायचे, "हिकडं बग, काय भारी घड्याळ हाय!"

दुसरा मुक्काम सांता मार्गेरिताला. तिथं डोंगर, खाली बंदर, आणि घरांच्या भिंतींवर चक्क रंगवलेल्या खिडक्या. झडपा, कठडे, सावल्यांसकट खोट्या. अक्का त्यातल्या एका खिडकीकडं बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं हाय. दाकवायची, पन उगडायची न्हाय." कट्ट्यावर हा प्रसंग सांगताना मालक फक्त रंगाचं कौतुक करायचे. पुढचं वाक्य खिडकीतून यायचं.

एक गोष्ट मात्र अक्कांनी हेरली होती. मालकांची भाकरी अर्धी ताटात राहायची. पूजेनंतर चार भाकऱ्या मोडणारा माणूस. "काय झालंय?" विचारलं तर म्हणायचे, हवा मानवत नाही. हवापालटासाठी राजेरजवाडे जिथं यायचे तिथली हवा ह्यांना मानवेना.

शेवटचा मुक्काम व्हियारेज्जोला. बाल्दिनीचं स्वतःचं गाव. समुद्राला समांतर लांबच लांब फरसबंद रस्ता, ताडाची झाडं, घुमटांची जुनी कॉफीघरं, लाकडी न्हाणीघरं. त्या किनाऱ्यावर एकेका घराण्याची छत्री पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. आजोबांची जी जागा तीच नातवाची. आपल्याकडे जत्रेत मानाच्या जागा असतात तशाच. बाल्दिनी मालकांना बोलणी करायला ऑफिसात घेऊन गेला आणि अक्कांना आपल्या आईच्या हवाली करून गेला. जाताना मालकांनी बजावलं, "घरातच बस."

बाल्दिनीची आई काळ्या कपड्यातली ठेंगणी म्हातारी. तिला इटालियनखेरीज काही येत नव्हतं, अक्कांना कानडी आणि मराठी. दोघींचं उत्तम जमलं. अक्का कानडीत सांगायच्या, ती इटालियनमध्ये उत्तर द्यायची, आणि थोड्याच वेळात तिची सून तिचं ऐकत नाही हे अक्कांना समजलं होतं. घरोघरी मातीच्या चुली. म्हातारीनं कडक भाकरीवर टोमॅटो कुस्करून, तेल घालून खाल्ली आणि दुसरी मागितली. मग तिनं अक्कांचा हात धरला आणि सरळ समुद्रावर घेऊन गेली. मालकांची आज्ञा मराठीत असल्यामुळे म्हातारीला लागू नव्हती.

तिकडं ऑफिसात बाल्दिनी खुशीत होता. पुढच्या वर्षी माल दुप्पट. फक्त एक बदल. "लेटर्स बिग," तो हात पसरून म्हणाला, "व्हेरी बिग!" मालक म्हणाले, "यस." "मोर बिग?" "यस." घामानं विभूती भिजून नाकावर आली होती. शेवटी बाल्दिनी म्हणाला, चला, आमच्या छत्रीखाली बसून पक्कं करू.

दोघं किनाऱ्यावर आले. म्हातारीच्या रांगेत गौरम्मा अक्का उभ्या होत्या. ओचा खोचलेला, पावलं ओली. मालकांनी डोळे मिटले. झाकली मूठ उघडी पडली होती.

पण रांगेत काहीतरी चाललं होतं. माणसं उठत होती, आपापले टॉवेल उचलून झटकत होती, फिरवून पुन्हा अंथरत होती. अक्का एकेका छत्रीजवळ जायच्या, वाकून त्या अक्षरांना हात लावायच्या, तो हात डोळ्यांना लावायच्या. मागोमाग म्हातारी यायची, आपल्या गळ्यातलं देवीचं पदक उचलून दाखवायची, टॉवेलकडे बोट करायची आणि अशी काही ओरडायची की आडदांड गडीसुद्धा टुणकन उठून टॉवेल फिरवायचा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रांगेची डोकी एकीकडे होत गेली. फक्त एक गृहस्थ गाढ झोपला होता. त्याला म्हातारीनं टॉवेलसकट चार पोरांकडून फिरवून घेतलं.

"तुला कसं कळलं?" मालकांनी विचारलं. अक्कांना अक्षरओळख नाही, म्हणून तर मालकांना थोडी आशा होती.

"लगीन होऊन आल्यापास्नं रोज ह्याच काटानं तोंड पुसती मी," अक्का म्हणाल्या. "आनि तुमी ह्यापायी जेवत न्हवता व्हय? मला सांगायचं न्हाय? देवाला ठाव, बायकूला ठाव न्हाय, ह्यो कुटला न्याय?"

मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे ते कट्ट्यावर कधीच सांगत नाहीत. पण आतून तेवढं एक वाक्य दर वेळी येतं, आणि त्या वेळी मालक खोकतात.

मग मात्र त्यांनी बाल्दिनीला सांगून टाकलं. "दिस गॉड नेम. हेड, यस. लेग, नो. नो, नो, नो." बाल्दिनीच्या आईनं उरलेलं मुलाला समजावलं, आणि त्यात शिव्या असाव्यात. तो ओशाळला, आणि लगेच व्यापारीही झाला. अक्षरं काढली तर हा टॉवेल इतर टॉवेलांसारखाच, म्हणाला, तो मला जवळच मिळतो. देवाचं नको तर दुसरं काहीतरी लिहा. कुणाचंही नाव चालेल.

कुणाचंही म्हणजे कुणाचं? मालक त्या छत्रीखाली विचार करत बसले. वडिलांचं नाव घालणं शक्य नाही. गावाचं घालावं तर गावावर पाय. बायकोचं म्हणावं तर ती समोरच उभी होती, ओल्या पायांनी. ज्याच्यावर कुणीही पाय ठेवला तर चालेल असं एकच नाव उरलं.

"माजं घाला," मालक म्हणाले. "पाय पडायचेच तर माज्यावर पडू देत."

बाल्दिनीला सगळी अक्षरं सारखीच. तो खूश झाला. अक्का मात्र पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ मागं वळल्या नाहीत. पुढं मी एकदा विचारलं, समुद्र कसा वाटला? तर म्हणाल्या, "एवडं पानी, आनि एक घागर भरायच्या कामाचं न्हाय." पण त्या उन्हाळ्यानंतर कुणी समुद्राचं नाव काढलं की हातातलं काम थांबवायच्या, हेही खरं.

परत आल्यावर मागावर अक्षरं उठवणारे भोकाभोकांचे नवे पुठ्ठे पाडायचे ठरले, तेव्हा गैबीसाबनं हात आखडला. "मालक, आपका नाम? लोगां पाँव रखेंगे उसपे."

"म्हनूनच घालायचं. पाड पुठ्ठे."

माल गेला. माग चालू राहिले. मालकांचा स्वभाव मात्र असा की या शिक्षेचीही त्यांनी जहागिरी केली. उन्हाळा लागला की कट्ट्यावर मांडी घालून सांगायचे, "आत्ता ह्या टायमाला आलास्सिओपास्नं व्हेरज्जूपतोर समदी इटली आपल्या नावावर लोळतीया. हाय का सोलापुरात दुसरा कोन?" नव्हता, हे आम्हाला मान्य करावं लागे.

त्या मालातला एक नग धागा सुटला म्हणून घरी राहिला. मालकांनी तो स्वतःच्या हातानं न्हाणीच्या दाराशी पायपुसणं म्हणून घातला, नावाचा काठ वर करून. "साऱ्या इटलीनं पुसलं, घरच्यांनी लाजायचं कशाला?" सुना वळसा घालून जायच्या. नातवंडं बिनधास्त पाय पुसायची. आणि अक्का रोज सकाळी तो उचलायच्या, झटकायच्या, घडी घालायच्या आणि नावाचा काठ वर ठेवून मालकांच्या उशाशी ठेवायच्या. मालक पुन्हा दाराशी टाकायचे. हे रोज चालायचं, आणि अजून चालतं.

गेल्या आठवड्यात मी त्यांचा रेडिओ पोचवायला गेलो, तेव्हा अक्का तो टॉवेल झटकत होत्या. मालक बाहेर कट्ट्यावर इटली सांगत होते. मी चेष्टेनं म्हणालो, "अक्का, नुसता टॉवेल तो. आणि तुम्हाला कुठं वाचता येतंय त्यावर काय लिहिलंय ते?"

अक्कांनी घडी घातली. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात तोंडातून काढलेलं नाही, तेव्हाही काढलं नाही. त्या अक्षरांवरून नुसता हात फिरवला आणि तो हात डोळ्यांना लावला.

"तिकडल्या लोकांनाबी वाचता येत न्हाय, मलाबी वाचता येत न्हाय," त्या म्हणाल्या. "पन कुनाचं हाय ते मला ठाव हाय की."